मिठाची गळती

सरकारी माणसानं रोहिणी फुलारीच्या मनगटात बांगडी चढवली, तेव्हा शेजारची नागमणीअक्का दारात उभी राहून सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकच? अहो, बांगड्या जोडीनं भरतात! एका हातात बांगडी घालून पोरगी कुठं जायची?"

पोरगी पन्नाशीला टेकलेली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन लातूरला गेली होती. पण अक्काच्या लेखी रोहिणी पोरगीच. या घरकुलात ती नवी नवरी म्हणून आली, तेव्हा स्टोव्ह पेटवायलासुद्धा अक्कानंच शिकवलं होतं. पुढे रोहिणी दिवसभर कारखान्यात गणवेश शिवायची आणि तिची लेक अक्काच्या मांडीवर वाढायची. त्या लेकीला मराठीच्या आधी तेलुगू बोलता यायला लागलं, यावरून रोहिणीची सासू महिनाभर रुसून बसली होती.

तर बांगडी. तिचं कागदावरचं नाव निर्वाहमापी. करड्या रबराची, बोटभर रुंद, दिसायला अगदीच दरिद्री. पण तिच्यावर सोलापुरातल्या हजारो शिलाई कामगारांचा पगार ठरणार होता.

पूर्वी किमान वेतन कसं ठरायचं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. एका खोलीत मोठी मंडळी बसायची. माणसाला धान्य किती, कापड किती, घरभाडं किती, यावर घसा कोरडा होईपर्यंत भांडायची. कामगारांची बाजू म्हणायची, एवढ्यात मांजरसुद्धा जगणार नाही. मालकांची बाजू म्हणायची, जगतायत की, मेलेत कुठे! शेवटी जो आकडा निघायचा तो कुणाच्याच पसंतीचा नसायचा, आणि तो निघेपर्यंत डाळ आणखी महाग झालेली असायची.

डॉक्टर शाल्मली इनामदार या बाईंनी हे भांडणच निकालात काढायचं ठरवलं. त्या शरीर-रसायनशास्त्रातल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. शरीराला लागतं त्याहून कमी मिळालं, की ते आधी साठवलेली साखर मोडतं, मग चरबी मोडतं, आणि तेवढ्यानंही भागेना की स्वतःचे स्नायू मोडून खायला लागतं. स्नायू मोडले की त्यांचे अंश रक्तात उतरतात आणि रक्तातून अगदी किंचित घामात येतात. बांगडी घामातले ते अंश वाचायची. भाडं, वीज, औषधपाणी, गावाकडची लग्नं यांचा पैसा पगारातून जायचा तो जातोच. माणूस काटकसर करतो ती पोटावर, आणि तीही गुपचूप. म्हणून पोटच मोजा, असं बाई म्हणायच्या. चार आठवडे कामगारानं फक्त स्वतःच्या पगारावर जगायचं. स्नायू झिजायला लागले तर पगार अपुरा. किती अपुरा, तेही बांगडीच सांगणार.

आता कुणी म्हणेल, ती बाई स्वतःच्या पगारावरच जेवतेय कशावरून? त्याचीही तजवीज होती. प्रत्येक घरात सरकारी मिठाची एक सीलबंद बरणी दिली होती. दिसायला, चवीला नेहमीचंच मीठ, पण त्यात एका निरुपद्रवी धातूचा अंश मिसळलेला. या मिठात शिजवलेलं खाल्लं, की घामात त्याची खूण उतरते. साधं मीठ घामात आलं, की समजायचं, बाई बाहेर जेवली. बरणी तराजूवर ठेवलेली असायची. तिच्यातून किती मीठ गेलं आणि अंगात किती उतरलं, याचा मेळ यंत्र रोज घालायचं.

शहरातून बारा जणी निवडल्या होत्या. कुणाकडचं घ्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, हा नियम. बारांतली एक जरी बाद झाली तरी मापणी रद्द आणि पुढची पाच वर्षं जुनाच दर. युनियनच्या मल्लिनाथ हत्तुरेनं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, "बायांनो, हात जोडतो, चार आठवडे माणुसकी कपाटात ठेवा. नंतर काढा बाहेर."

रोहिणीनं मान डोलावली. घरी आली, तर ओट्यावर अक्काचा डबा.

हा डबा म्हणजे झाकणावर ठोक्यांनी 'नागमणी' असं कोरलेला जुना स्टीलचा डबा. तो अक्काकडून यायचा तेव्हा त्यात अंबाडीची पचडी, म्हणजे आंबट-तिखट चटणी असायची, चिंच घातलेला भात असायचा. रोहिणीकडून जायचा तेव्हा शेंगांची पोळी, पिठलं, नाहीतर आमटी. रिकामा मात्र तो कधीच गेला नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे काय कुणी शिकवावं लागतं? घरात काहीच नसलं तर चार दाणे साखरेचे टाकायचे, पण भांडं भरून पाठवायचं. अशा रीतीनं तो डबा या दारातून त्या दारात इतकी वर्षं फिरत होता, की एखाद दिवशी स्वतःच चालत गेला असता तरी वसाहतीत कुणाला नवल वाटलं नसतं.

रोहिणीनं झाकण उघडलं. पचडी. वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं. बांगडी उद्या सकाळपासून मोजणार होती, म्हणून तिनं ती पचडी त्याच संध्याकाळी भाकरीबरोबर चाटूनपुसून खाल्ली, डबा घासला आणि पालथा घातला. मग ती अक्काकडे गेली आणि नियम सांगितला.

"म्हणजे मी काय दिलं तर तू घेणार नाहीस?"

"नाही अक्का. चारच आठवडे."

"आणि तू काय देणार नाहीस?"

"नाही."

अक्का विडी वळता वळता जन्म गेलेली बाई. तिची बोटं अजूनही रिकामी असली की हवेतच पानं वळायची. तशी ती बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि माझा डबा?"

इथं रोहिणी अडली. भरून द्यायचा तर नियम मोडतो, रिकामा द्यायचा तर हात झडेल. "राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "नंतर देते, काठोकाठ भरून देते."

"ठेव बाई, ठेव. सरकारनं बांगडी भरली, आता आम्ही कोण?" अक्का म्हणाली आणि आत निघून गेली. रोहिणीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. अक्काचा राग दुधासारखा, पटकन वर येतो आणि फुंकर घातली की बसतो. पण फुंकर घालायलाही हातात एखादी वाटी लागते ना!

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात शिवताना रोहिणीचे खांदे लवकर भरून यायला लागले. कारखान्यात खाडा करून चालत नव्हतं, शाळा उघडायच्या आधी देशभरचे गणवेश जायचे होते. घरी येऊन ती भाकरी आणि पातळ आमटी करायची, त्या सरकारी बरणीतलं मीठ घालायची, आणि जेवताना नजर सारखी त्या पालथ्या डब्याकडे जायची. आजवर आपलं पोट आपण भरतो असं तिला वाटायचं. आता कळत होतं, की त्यातलं बरंचसं अक्का भरत होती. मालकाला पगार कमी द्यायला परवडत होता, कारण उरलेला पगार भिंतीपलीकडून डब्यात घालून येत होता! हा विचार मनात आला तेव्हा रोहिणीला मालकाचा राग आलाच, पण त्याहून जास्त अक्काची आठवण आली. आणि अक्का तर हाकेच्या अंतरावर होती.

पलीकडून फोडणीचा वास येईनासा झाला, हे तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं.

सुट्टीचा दिवस होता. सकाळचं ऊन दारात आलं तरी अक्काचं दार लोटलेलंच. रोहिणीनं ढकललं. अक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली, अंग तापलेलं, ओठ सुकलेले. चुलीजवळ कोरड्या पोह्यांचा पुडा, बाकी भांडी कोरडी.

"अक्का! काय केलंस हे? जेवत नव्हतीस?"

"एकटीसाठी काय शिजवायचं?" अक्का पुटपुटली.

"आणि सरकारी थाळी?"

"बंद झाली की मागच्या साली. विसरलीस होय?"

रोहिणी विसरली नव्हती, पण तिनं त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. एकट्या म्हाताऱ्या माणसांना सरकार दुपारची गरम थाळी घरपोच द्यायचं. मागच्या वर्षी अक्काच्या हातातही आठवडाभर अशीच बांगडी घातली होती, पण त्या तपासणीत खुणेचं मीठ वगैरे नव्हतं. बांगडीनं पाहिलं, बाईचे स्नायू शाबूत, अंगात तेज. निकाल आला: सुपोषित. थाळी बंद. अक्का तर पेढे वाटायला निघाली होती, "बघा, सरकारनं सर्टिफिकेट दिलंय!" आणि ते पोषण रोहिणीच्या पिठल्याचं होतं, आमटीचं होतं, हे त्या यंत्राला कोण सांगणार? यंत्रानं अक्काचं अंग पाहिलं. भिंतीपलीकडची चूल त्याला दिसली नाही.

रोहिणी तशीच घरी आली. ओट्यापाशी उभी राहिली. बांगडी मनगटात होती, अकरा जणींचा घास तिच्या मनगटाला बांधलेला होता. कारखान्यातली फरीदा, तिची दोन लेकरं, बार्शीहून रोज येणारी ती सुनंदा. नियम मोडला आणि कळलं, तर या सगळ्यांच्या पाच वर्षांवर पाणी. ती मोठ्यानं म्हणाली, "देवा, मला का घातलंस यात?" आणि हे म्हणता म्हणताच तिनं तांदूळ धुवायला घेतले होते.

मऊ भात केला, मीठ घातलं, चमचाभर तूप होतं ते सगळं घातलं. अक्काला बसवून भरवायला लागली. अक्कानं दोन घास घेतले आणि तोंड मिटलं.

"तू खा."

"माझं झालंय."

"तुझं तोंड बघ आरशात. झालंय म्हणे! तू खा, मग मी खाते."

शेवटी एका ताटात दोघी जेवल्या. एक घास हिला, एक तिला. भात रोहिणीच्याच चुलीवरचा, मीठ सरकारी, बाहेरचं काही पोटात गेलं नाही, अशी रोहिणीनं मनाची समजूत घातली. आठवडाभर ती दोन्ही वेळा असं ताट घेऊन गेली. स्वतः अर्धीच जेवली, आणि गंमत अशी, की तिला झोप मात्र छान लागायला लागली. अक्का उठून बसली. आठवड्याच्या शेवटी तिनं रोहिणीला आमटीत चिंच कमी पडल्याबद्दल बोलणी खाऊ घातली, तेव्हा रोहिणीच्या जिवात जीव आला.

मापणी संपली, पण सुनावणी होईपर्यंत बांगडी मनगटात आणि नियम लागूच. किमान वेतन ठरवणाऱ्या आयोगाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मल्लिनाथ धापा टाकत आला.

"ताई, तुमच्या मिठात घोळ आहे. शेवटच्या आठवड्यात बरणीतून मीठ गेलं, त्यातलं अर्धंच तुमच्या अंगात उतरलंय. मालकांच्या वकिलानं नेमकं तेच धरलंय. अर्धं मीठ कुठं गेलं, विचारणार आहे."

रोहिणीनं सांगितलं. मल्लिनाथ कपाळाला हात लावून खाली बसला. माणूस भला होता. स्वतःच्या आईला तो रोज पाठीवर घालून दवाखान्यात नेत असे. "तुम्ही केलंत ते बरोबरच हो," तो शेवटी म्हणाला. "पण उद्या एवढंच म्हणा, मीठ सांडलं. बरणी हातातून निसटली. संपला विषय. कोण बघायला आलंय?"

सुनावणीला हॉल भरला होता. आयोगाच्या अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती वैजयंती मोकाशी. त्यांच्या बाजूला डॉक्टर शाल्मली, मागे भिंतीवर बारा जणींचे आलेख. बारा जणी पुढच्या रांगेत, ठेवणीतल्या साड्या नेसून बसलेल्या. मालकांचे वकील निंबर्गीकर उठले. बोलायला गोड माणूस.

"ताई, तुमच्या आलेखात शेवटच्या आठवड्यात स्नायूंची झीज सगळ्यात जास्त आहे. पण अर्धं मीठ तुमच्या अंगात गेलंच नाही. म्हणजे शिजवलेलं अर्धं अन्न तुम्ही खाल्लं नाहीत. मग ही झीज पगारामुळं कशी म्हणायची? कुठं गेलं ते मीठ?"

रोहिणी उभी राहिली. सांडलं. एवढाच शब्द. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागच्या दारातून काठी टेकत नागमणीअक्का आत आली. आजारातून उठलेली, लुगड्याला इस्त्री केलेली, आणि हॉलमधल्या पंख्यांपेक्षा मोठ्या आवाजात शेजारच्या माणसाला विचारत होती, "रोहिणीचा नंबर झाला का?"

रोहिणीनं तिच्याकडे पाहिलं. गालावर जरा मांस दिसत होतं. त्या भातानं धरलेलं. ते सांडलं कसं म्हणायचं?

"मीठ शेजारी गेलं, साहेब," ती म्हणाली. "आमच्या अक्का तापानं पडल्या होत्या. त्यांना भात नेला. मी नियम मोडला. मला ठाऊक होतं मोडतेय ते. बाकीच्या अकरा जणींचा काही दोष नाही, त्यांना शिक्षा करू नका."

मल्लिनाथनं डोळे मिटून घेतले. निंबर्गीकर हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे हा खर्च ऐच्छिक होता. तुम्ही तो केला नसता तरी चाललं असतं."

"चाललं असतं?" रोहिणी म्हणाली. "तुम्ही वीजबिल भरता, पाणीपट्टी भरता, ते ऐच्छिक नाही. मग भिंतीपलीकडं माणूस उपाशी पडलंय, त्याला घास देणं ऐच्छिक कसं? तेवढं जमत नसेल तर आम्ही शिवून कमावतो कशाला? साहेब, त्यांचा डबा महिनाभर माझ्या ओट्यावर पालथा पडलाय. भरून देता येत नाही म्हणून. रोज बघते मी तो. तुमच्या यंत्रात ते मोजायची सोय आहे का?"

"तो डबा मिळणार आहे का आज?" मागून अक्कानं विचारलं. हॉलमध्ये हशा पिकला. न्यायमूर्तींनी हसू दाबत शांतता राखायला सांगितलं.

शाल्मलीबाई मात्र हसत नव्हत्या. त्या उठून आलेखांसमोर गेल्या, चष्मा वर केला, आणि एकेक आलेख जवळून पाहायला लागल्या. मग वळल्या. त्यांनी बारा जणींना विचारलं, अगदी घरच्यासारखं, "बायांनो, खरं सांगा. कुणी रागावणार नाही. तुमच्यापैकी आणखी कुणी दिलं का, कुणाला?"

मग फरीदानं हात वर केला. "बाळंतीण होती वरच्या मजल्यावर. थोडा शिरा." सुनंदा म्हणाली, "माझ्या गाडीत एक म्हातारा चढतो रोज. अर्धी भाकरी." कुणी भिकाऱ्याला, कुणी दिराला, कुणी शाळेतून येणाऱ्या शेजारच्या पोरीला. हात वर होत गेले. शेवटी बाराही हात वर होते, आणि बाराही बांगड्या दिव्यात दिसत होत्या.

"म्हणजे बाराही बाद!" निंबर्गीकर म्हणाले.

"थांबा," शाल्मलीबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या, आणि चक्क त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी दोन वर्षं हे मीठ शोधतेय. भिवंडी, मालेगाव, नागपूर, जिथं मापणी केली तिथं प्रत्येक घरात थोडं मीठ कमी भरायचं. मला वाटलं यंत्र गळतं. मी ते पुन्हापुन्हा सुधारलं. शेवटी कंटाळून गळती म्हणून प्रत्येक हिशेबातून तेवढा भाग वजा करायला लागले. यंत्र गळत नव्हतं हो. मीच चुकत होते." त्यांनी न्यायमूर्तींकडे पाहिलं. "बाई, देणाऱ्यांना बाद करायचं असेल तर मला मापायला माणूसच उरत नाही. फक्त आपल्यापुरतं शिजवणारी एक बाई मला अजून एकाही शहरात सापडलेली नाही."

न्यायमूर्ती मोकाशींनी निंबर्गीकरांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक आहे अशी कुणी?"

निंबर्गीकरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण मग बहुधा त्यांना स्वतःच्या घरातलं कुणीतरी आठवलं असावं. "नाही," ते म्हणाले आणि खाली बसले.

निकाल पुढच्या महिन्यात आला. मापणी ग्राह्य धरली. दर वाढला, युनियननं मागितला होता तेवढा नाही, पण डाळीला पुरेल एवढा. शाल्मलीबाईंनी वजा केलेली ती गळती आता खर्चाच्या बाजूला लिहिली गेली, अन्न, निवारा, कपडे यांच्या पंक्तीला, आणि तिच्यापुढे एकच शब्द होता: शेजार. म्हाताऱ्यांच्या थाळ्या बंद करायच्या आधी खुणेचं मीठ वापरून पुन्हा तपासायचं, असाही हुकूम निघाला. अक्काची थाळी सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिनं त्यातली भाजी मांजराला घातली.

पण हे सगळं नंतरचं. सुनावणीच्या संध्याकाळी निकालाचं काहीच ठाऊक नव्हतं. मनगटातली बांगडी काढून घेतली होती आणि तिथं पांढरा पट्टा उमटला होता. रोहिणीनं घरी येऊन पहिल्यांदा काय केलं असेल, तर तो डबा सुलटा केला. शेंगांची पोळी केली, कडेपर्यंत भरली, झाकण लागेना तेव्हा वरून दाबलं, आणि भिंतीपलीकडे गेली.

अक्कानं झाकण उघडलं. आत वाकून पाहिलं. मग मान वर करून रोहिणीकडे पाहत राहिली. पण बाई काही हरायची नाही.

"महिनाभर दाबून ठेवलास," ती म्हणाली, "आणि एवढंच?"

मग तिनं एक पोळी मधोमध मोडली आणि अर्धी रोहिणीच्या तोंडात कोंबली.